ओल्वेरा ते प्वेर्तो सेर्रानो: जिथे गाडी कधी धावलीच नाही त्या रेल्वेमार्गावर सायकल (आणि त्या पॅकेजचा खराखुरा रिव्ह्यू)

आधी मार्क देऊन टाकते म्हणजे घाईत असणारे इथूनच सुटतील. रस्त्याला पाचपैकी पाच, डोळे झाकून. ज्या कंपनीकडून आम्ही 'हेरिटेज सायकलिंग' असं नाव दिलेलं पॅकेज घेतलं त्यांना तीन, आणि त्यातला एक मार्क फक्त बॅगा पोचवणाऱ्या ड्रायव्हर काकांचा आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण असलीच पॅकेजं तिथे बऱ्याच जणांकडे मिळतात आणि मला जे खटकलं ते थोड्याफार फरकाने सगळीकडेच असणार.

जागा म्हणजे स्पेनचा दक्षिण भाग, आंदालुसिया. काडिझ जिल्ह्याच्या डोंगराळ कोपऱ्यात ओल्वेरा नावाचं पांढरं गाव आहे, तिथून प्वेर्तो सेर्रानोपर्यंत ३६ किलोमीटरचा सायकलमार्ग, नाव 'विया वेर्दे दे ला सिएर्रा'. स्पेनमध्ये बंद पडलेल्या रेल्वेलाइनींवर चालायला आणि सायकलला रस्ते करायचा कार्यक्रम १९९३ पासून चालू आहे आणि आज देशभरात असे तीन हजार किलोमीटरच्या वर मार्ग झालेत. पण हा मार्ग त्यातला वेगळा नमुना आहे कारण ही लाइन बंद पडली असं म्हणताच येत नाही, ती चालूच झाली नव्हती. हेरेझपासून आल्मार्खेनपर्यंत गाडी न्यायची असं ठरलेलं, १९२० च्या दशकात प्रिमो दे रिवेराच्या हुकूमशाहीत कामाला जोर आला, डोंगर फोडून बोगदे काढले, पूल उभारले, स्टेशनच्या इमारती बांधल्या, मग १९३६ ला यादवी युद्ध सुरू झालं, पैसा आटला, नंतर काम रडतखडत चालू राहिलं आणि १९६० च्या दशकात सरळ सोडूनच दिलं. ३० बोगदे आणि ४ मोठे पूल तयार, गाडी एकही नाही. सरकारी काम सगळीकडे सारखंच म्हणायचं.

आता माझ्याबरोबर कोण होतं ते सांगायलाच हवं, कारण रिव्ह्यूवर त्याचा परिणाम झालाय. माझे बाबा. मध्य रेल्वेत इंजिनीअरिंग खात्यात आयुष्य काढून रिटायर झालेत, घर कल्याणला, गुडघे बरे, बीपीची गोळी चालू. मी आणि नवरा जर्मनीत असतो, बाबा उन्हाळ्यात आमच्याकडे आलेले, म्हटलं म्युझियम आणि चर्च दाखवून त्यांना कंटाळा आणण्यापेक्षा हे करू. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही म्हणून आम्ही दोघंच. बाबांना सांगितलं की रेल्वेचा मार्ग आहे पण रूळ नाहीत, तर म्हणाले, "अगं मग तो मार्ग कसला, ते नुसतं फॉर्मेशन." (म्हणजे रूळ टाकायला तयार केलेली नुसती जमीन.) पहिल्या बोगद्यात शिरल्यावर मात्र जे खुश झाले ते शेवटपर्यंत.

पॅकेजमध्ये काय होतं, तर दोन ई-बाइक, हेल्मेट, कुलूप, पंक्चरचं सामान, मुक्कामाची हॉटेलं, एका हॉटेलातून दुसऱ्यात बॅगा पोचवणं, फोनवर रस्ता दाखवणारं अॅप, आणि 'ऐतिहासिक स्थळांचा समावेश'. हा शेवटचा शब्द नीट वाचा. समावेश म्हणजे काय, तर किल्ल्याचं तिकीट आणि एक पीडीएफ. गाइड नाही, गाडी नाही, कोणी भेटायला येणार नाही. पीडीएफ बरी होती तशी, पण त्यात निम्मी पानं वाइनवर, आणि बाबा वाइन पीत नाहीत.

ई-बाइक चांगल्या होत्या, खोटं का बोला. ब्रेक कडक, टायर रुंद, बॅटरी पूर्ण चार्ज. युरोपात या सायकलींची मदत ताशी २५ किलोमीटरला बंद होते, त्याच्या पुढे तुमचे पाय आणि तुम्ही, त्यामुळे वेड्यासारखी पळेल अशी भीती नको. बाबांनी शेवटची सायकल चालवली असेल ती ड्युटीवर जाताना, काळी, वीस किलोची, त्यामुळे पहिले दहा मिनिटं गिअरशी भांडण झालं आणि मग "मोटर बंदच ठेव, सपाट तर आहे" असं म्हणून त्यांनी खरोखर अर्धा रस्ता मोटर बंद ठेवून काढला.

आणि हेच या रस्त्याचं खरं सुख आहे. रेल्वेला चढ झेपत नाही. कर्जत-लोणावळा घाट ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर, आणि तेवढ्यासाठी आपल्याकडे गाडीला मागून बँकर इंजिनं लावायला लागतात, हे बाबांनी मला लहानपणापासून इतक्यांदा सांगितलंय की मी झोपेतही सांगेन. मग या लोकांनी डोंगराळ मुलखातून लाइन नेताना नदीचा काठ धरला, जिथे डोंगर आडवा आला तिथे बोगदा, जिथे ओढा आला तिथे पूल, पण चढ अंगावर येऊ दिला नाही. ओल्वेराहून प्वेर्तो सेर्रानोकडे एकंदर उतार आहे, कुठेकुठे हलकं वरखाली होतं, परतीला हळूहळू चढत यायचं. दम लागणार नाही, पण मांड्यांना कळेल. माझं म्हणणं, सकाळी ओल्वेराहून निघा, जेवण कोरिपे स्टेशनला, आणि ज्यांना पूर्ण जाऊन यायचं नाही त्यांनी तिथूनच मागे फिरायचं. पूर्ण ३६ करायचे असतील तर परतीच्या गाडीचं आदल्या दिवशी बोलून ठेवा, सायकल घेणारी टॅक्सी आयत्या वेळी रस्त्यावर उभी नसते.

बोगद्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण तीच मजा आहे आणि तिथेच लोक फसतात. सगळ्यात लांब बोगदा जवळजवळ एक किलोमीटरचा आहे. मोठ्या बोगद्यांत लाइटची सोय आहे पण आम्ही गेलो तेव्हा सगळीकडे लागले नाहीत, त्यामुळे कंपनी काहीही सांगो, सायकलला पुढचा चांगला दिवा पाहिजेच, मोबाइलचा टॉर्च एका हातात धरून दुसऱ्या हाताने हँडल सांभाळणं हा प्रकार करू नका. बाहेर उन्हाने डोळे दिपलेले असतात आणि तुम्ही आत शिरता, चार सेकंद काही म्हणजे काहीच दिसत नाही, त्यात समोरून चालत येणारी माणसं, कुत्री, पोरं. गॉगल आधी काढा. आणि गार! बाहेर टीशर्ट घामाने चिकटलाय आणि आत एकदम माठातल्यासारखा गारवा, छतातून टपटप पाणी. पातळ जॅकेट हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

बाबा प्रत्येक बोगद्याच्या तोंडाशी उतरायचे. दगडी तोंड कसं बांधलंय ते बघायचे, आत गेल्यावर भिंतीवरून हात फिरवून लायनिंग, म्हणजे आतून केलेलं बांधकाम, कुठे आहे आणि कुठे नुसता खडक सोडलाय ते सांगायचे, टॉर्च मारत कोनाडे शोधायचे. गाडी आली तर गँगमनने अंग चोरून उभं राहायला भिंतीत जागा ठेवतात ना, ते. मी म्हटलं, बाबा इथे गाडी कधी आलीच नाही. तर म्हणाले, "ज्याने खणला त्याला काय माहीत होतं?" यावर मी काय बोलणार. एका बोगद्यात एक स्पॅनिश आजोबा चालत होते, त्यांनी बाबांना भिंत चाचपताना पाहिलं आणि थांबले, बाबा हिंदी-इंग्रजी मिसळून बोलतायत, ते स्पॅनिशमध्ये, आणि दोघं हाताने दोन रुळांमधलं अंतर दाखवतायत. त्यावरून आठवलं, स्पेनचं जुनं गेज, म्हणजे हेच अंतर, १६६८ मिलिमीटर आणि आपलं ब्रॉडगेज १६७६. फक्त ८ मिलिमीटरचा फरक! हे बाबांनी हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीलाही सांगितलं, ती बिचारी हसून हो हो करत राहिली. २०१६ साली स्पेनच्या टाल्गो कंपनीचे डबे आपल्याकडे ट्रायलला आणले होते, दिल्ली-मुंबई सुद्धा पळवून बघितले, ते बाबांना चांगलं लक्षात होतं.

ओल्वेरा आणि कोरिपेच्या मधे साफ्रामागोनचा कडा आहे. हे या रस्त्यावरचं माझ्या मते सगळ्यात भारी ठिकाण. दरीतून नदी, तिच्यावरून रेल्वेचा उंच पूल, आणि समोर एकदम उभा चुनखडीचा सुळका ज्याच्यावर ग्रिफॉन जातीच्या गिधाडांची मोठी वसाहत आहे. मोठी म्हणजे आकाशात एकाच वेळी इतकी गिधाडं मी आयुष्यात पाहिलेली नाहीत, पंख पसरले की अडीच मीटर, आणि पंख हलवतच नाहीत, उन्हं चढली की गरम हवेवर नुसती गोल गोल वर सरकत जातात. जुन्या स्टेशनच्या इमारतीत छोटं माहिती केंद्र केलंय, तिथे कड्यावर लावलेल्या कॅमेऱ्यातून घरट्यातलं लाइव्ह दिसतं. आम्ही गेलो तेव्हा पडद्यावर एक पिल्लू, राखाडी, बेढब, मान कुठे ठेवावी ते कळत नसल्यासारखं बसलेलं, आणि शेजारी आई ढिम्म. बाबा तिथे खुर्ची घेऊन बसले ते उठेचनात.

आपल्याकडे गिधाडं गेली ती गुरांना द्यायच्या डायक्लोफेनॅकमुळे हे आता बहुतेकांना माहीत असतं, औषध दिलेलं जनावर मेलं, गिधाडाने खाल्लं, मूत्रपिंडं निकामी. भारताने २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आणली. आणि स्पेनने, जिथे युरोपातली सगळ्यात जास्त गिधाडं आहेत, त्यांनी २०१३ साली तेच औषध गुरांसाठी मंजूर केलं! तिथल्या पक्षीवाल्या लोकांनी खूप आरडाओरडा केलाय यावर. केंद्रातल्या मुलाला मी हे विचारलं तर त्याने खांदे उडवले आणि मग बराच वेळ तावातावाने बोलला, मला निम्मं कळलं. कंपनीच्या पीडीएफमध्ये या जागेवर दोन ओळी, म्हणजे बघा. दुर्बीण घेऊन जा, आणि केंद्राच्या वेळा आधी बघून ठेवा कारण रोज दिवसभर उघडं असेलच असं नाही.

कोरिपे स्टेशनला जेवण आणि राहायची सोय आहे, गाव तिथून थोडं वर. इथे हद्द बदलून सेव्हिल जिल्हा लागतो. जवळच 'चापार्रो दे ला वेगा' नावाचं एक म्हातारं ओकचं झाड आहे, स्पेनमध्ये त्याला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिलाय, एवढा मोठा पसारा की गावची जत्रा त्याच्या सावलीत भरते. आम्ही तिथे शेंगदाणा चटणी आणि ब्रेड खाल्ला. ब्रेडवर तिथलं ऑलिव्हचं तेल ओतायचं, वर आपली चटणी. मी हे गंमत म्हणून लिहीत नाहीये, करून बघा, तेलाला मागून जरा तिखट झणका असतो आणि तो लसणाबरोबर काय जमतो म्हणून सांगू. कोरिपेच्या पुढचा भाग मला थोडा कमी आवडला, सुंदरच आहे, पण उन्हाला आसरा कमी वाटला आणि तोपर्यंत बोगद्यांचं अप्रूप गेलेलं असतं. बाबांचं गेलेलं नव्हतं.

आता 'हेरिटेज' भाग, जिथे माझी खरी तक्रार आहे.

रेल्वे नदीकाठाने जाते आणि किल्ले डोंगराच्या डोक्यावर असतात. एवढं साधं आहे हे. हा सगळा मुलूख दोनेकशे वर्षं सीमेवरचा होता, अलीकडे कास्तियाचं ख्रिश्चन राज्य आणि पलीकडे ग्रानादाचं मुस्लिम राज्य, म्हणून टेकडी दिसली की तिच्यावर किल्ला आणि किल्ल्याला बिलगून गाव. इथल्या कितीतरी गावांच्या नावाला 'दे ला फ्रोन्तेरा' म्हणजे सीमेवरचं असं शेपूट आहे ते त्यामुळेच. हे किल्ले वरून दरी राखायला बांधलेले, सायकलस्वारांच्या सोयीसाठी नव्हे. त्यामुळे सपाट सायकलमार्ग आणि किल्ले हे दोन वेगवेगळे प्रवास आहेत आणि कंपनीने ते एका ब्रोशरमध्ये 'सोपा, सर्वांसाठी' असं लिहून एकत्र चिकटवलेत. विया वेर्दे खरंच सर्वांसाठी आहे, किल्ले नाहीत.

ओल्वेराचंच घ्या. स्टेशन खाली, गाव वर, किल्ला त्याच्याही वर. शेवटच्या गल्ल्या अशा उभ्या आणि फरश्या झिजून इतक्या गुळगुळीत की ई-बाइक ढकलत न्यायला लागते, आणि ई-बाइक जड असते बरं का. आम्ही खाली कुलूप लावून चालत गेलो. किल्ला बाराव्या शतकाच्या शेवटचा, मूरांच्या म्हणजे इथल्या मुस्लिम राजवटीच्या काळातला, आकार वेडावाकडा त्रिकोणी कारण कातळच तसा आहे, शेजारी एकोणिसाव्या शतकातलं दोन मनोऱ्यांचं भलं मोठं चर्च. या दोघांची जोडी तुम्ही कुठूनही बघा, दहा किलोमीटरवरून सुद्धा, ओल्वेरा लगेच ओळखू येतं. १३२७ साली अकराव्या आल्फोन्सो राजाने हे जिंकलं आणि मग प्रश्न आला की सीमेवरच्या असल्या धोक्याच्या जागी राहायला येणार कोण. तर त्याने सवलत दिली की गुन्हेगारांनी इथे येऊन ठरावीक काळ राहून किल्ला राखला की गुन्हा माफ. त्यावरून म्हणच पडली, 'माणूस मार आणि ओल्वेराला जा'. हे ऐकल्यापासून बाबा गावातल्या प्रत्येक माणसाकडे जरा संशयाने बघत होते.

किल्ल्याच्या पायथ्याशी जुन्या धान्याच्या कोठारात सीमा आणि किल्ले या विषयावरचं म्युझियम आहे, ते आधी बघा मग वर जा. वरच्या पायऱ्या अरुंद, काही ठिकाणी कठडा नावालाच, वारा असला तर टोपी गेली समजा. आपण राजगड-तोरणा केलेली माणसं, आपल्याला त्याचं काही नाही, पण 'सर्वांसाठी' म्हणून लहान मुलं घेऊन आलेलं एक कुटुंब अर्ध्यातून परत गेलं. वरून मात्र चारी बाजूंना ऑलिव्हच्या बागा, आखून दिल्यासारख्या रांगा, एका टेकडीवरून दुसरीवर, कुठे संपतायत ते दिसत नाही.

सेतेनिल नावाच्या गावाला जायचा दिवस पॅकेजमध्ये 'हलका' म्हणून लिहिलेला. हलका! डोंगरी रस्ता, चढ-उतार, आणि अॅपने मुख्य रस्ता टाळायचा म्हणून आम्हाला ऑलिव्हच्या बागेतल्या कच्च्या वाटेवर घातलं. आदल्या रात्री पाऊस झालेला. तिथली माती चिकणी, चाकाला अशी थापली गेली की फोर्कमध्ये चाक फिरेना, आम्ही काडीने माती काढतोय, पन्नास मीटर जातोय, परत काढतोय. हेल्पलाइनला फोन लावला तर दुपारची वेळ, कोणी उचलेना. संध्याकाळी फोन आला, अतिशय गोड आवाजात विचारलं, सगळं ठीक ना. अहो ठीक आहे, आता ठीक आहे. शेवटी ट्रॅक्टरवरून जाणाऱ्या एका शेतकऱ्याने हातवारे करून डांबरी रस्ता दाखवला आणि आम्ही तिथून गेलो, गाड्या कमी होत्या आणि लांबून वळसा घालून जायच्या, तर मग आधीच त्या रस्त्याने पाठवायला काय झालं होतं? माझी सूचना एवढीच, पाऊस पडून गेला असेल तर अॅप काहीही म्हणो, डांबर सोडू नका.

सेतेनिल पोचल्यावर राग गेला. नदीने कापलेल्या घळीत गाव आहे आणि घरं अख्खी कातळाखाली, म्हणजे पुढची भिंत माणसाने बांधलेली, छप्पर डोंगराचं. एका गल्लीत कातळ दोन्ही बाजूंनी डोक्यावर आलेला, ऊन पोचतच नाही, दुसऱ्या गल्लीत सगळं ऊन आणि सगळे बार. बाबा वर बघून म्हणाले, "याला रॉकबोल्ट मारलेत का कोणी?" (कातळ निसटू नये म्हणून आत ठोकतात त्या लोखंडी सळया) आणि कॉफी संपेपर्यंत वर बघत राहिले. १४०७ साली कास्तियाने घातलेला वेढा इथे फसला होता, मग १४८४ ला तोफा आणून घेतलं. दुपारी मोठ्या टूर बसमधून माणसं ओतली जातात, त्यामुळे सकाळी लवकर किंवा मुक्काम करून संध्याकाळी. मुक्काम करा, खरंच.

आसिनिपो आमच्या पॅकेजमध्ये 'ऐच्छिक' होतं, सायकलने. रोमन शहराचे अवशेष, जवळजवळ हजार मीटर उंचीवरच्या पठारावर, वारा असा की बोलताना तोंडात शिरतो. शहर म्हणजे आता दगडांचे ढीग, पण नाट्यगृह उभं आहे, कातळात कोरलेल्या पायऱ्या आणि मागची रंगमंचाची उंच भिंत, आणि त्या भिंतीतल्या दारातून पलीकडे नुसतं आभाळ. इथे पाडलेल्या नाण्यांवर द्राक्षाचा घड आहे, म्हणजे तेव्हाही धंदा तोच. आम्ही सायकलने गेलो नाही, टॅक्सी केली, आणि दोनदा तोच रस्ता खिडकीतून बघून स्वतःची पाठ थोपटली. उघडं असायच्या वेळा कमी आहेत, फोन करून किंवा जवळच्या रोंदा शहरातल्या टुरिस्ट ऑफिसात विचारूनच निघा.

साआरा दे ला सिएर्रा आम्ही शेवटी ठेवलेलं, खाली धरणाचं निळं-हिरवं पाणी आणि वर सुळक्यावर बुरूज. १४८१ च्या डिसेंबरात ग्रानादाच्या सुलतानाने हे अचानक हल्ला करून घेतलं आणि त्यावरून जी शेवटची लढाई पेटली ती १४९२ ला ग्रानादा पडेपर्यंत थांबली नाही. गाव देखणं आहे, फोटो छान येतात, एका दुपारपुरतं पुरे.

खाण्याचं. शाकाहारी असाल तर हे दोनदा वाचा. 'मांस नको' म्हटलं की टुना येतो, कारण त्यांच्या लेखी मासा म्हणजे मांस नव्हे. डाळीच्या आमटीत सॉसेज, सालमोरेखो नावाच्या टोमॅटोच्या गार सुपावर वरून हॅमचे तुकडे, पालकाच्या भाजीतसुद्धा विचारून घ्या. बिनधास्त मागवायचं तर वांग्याच्या तळलेल्या कापांवर उसाची काकवी घालून देतात ते, पालक-छोले, बटाट्याचं जाड आमलेट अंडं चालत असेल तर, आणि या डोंगरातल्या शेळ्यांच्या दुधाचं पायोयो चीज. काकवी घातलेली वांगी बाबांनी रोज खाल्ली. जेवायच्या वेळा मात्र जीव घेतात, दुपारी दोनच्या आधी स्वयंपाकघर उघडत नाही आणि रात्री साडेआठच्या आधी कोणी विचारत नाही, मधल्या वेळात गाव बंद, दुकानं बंद, गोळी घ्यायला जेवण हवं असलेल्या माणसाने करायचं काय? बॅगेत काहीतरी असू द्याच. पाण्याच्या बाटल्या दोन, कारण मार्गावर स्टेशनं सोडली तर भरवसा नाही.

जायचं कधी तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर. आम्ही मेच्या सुरुवातीला होतो, कडेला लाल पॉपीची फुलं, हवा सुरेख. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पारा चाळीशीला जातो आणि दोन बोगद्यांच्या मधे ऊन भाजून काढतं, तेव्हा नको. पोचायला मालागा, सेव्हिल किंवा हेरेझचा विमानतळ सोयीचा. आम्ही माद्रिदहून मालागापर्यंत हायस्पीड ट्रेन घेतली, बाबांच्या हट्टाने, आणि पुढे गाडीने. ओल्वेराला रेल्वे नाही. म्हणजे स्टेशन आहे, तेही सुरेख, आत हॉटेल आहे, रेल्वे तेवढी नाही. खरीखुरी गाडी हवी तर रोंदाला.

तर पॅकेज घ्यावं का? तुम्ही फक्त विया वेर्दे करणार असाल तर अजिबात नको. ओल्वेराला मुक्काम करा, तिथेच सायकल भाड्याने मिळते, साध्याही, ई-बाइकही, मुलांसाठी मागे जोडायची गाडीही, आणि आम्ही हिशेब करून बघितला तर खोली आणि सायकली स्वतः घेतल्या असत्या तर निम्म्याच्या आसपास भागलं असतं. रस्ता चुकायचा प्रश्नच नाही, बोगद्यात चुकणार कुठे. किल्ल्यांसाठी वेगळा दिवस काढून भाड्याची कार घ्या. सेतेनिल-साआरा सायकलनेच करायचं असेल आणि रोज मुक्काम बदलायचा असेल तर मात्र बॅगा नेणारं कोणीतरी हवं, तिथे पैसे वसूल होतात. आमचे ड्रायव्हर काका रोज आमच्या आधी पोचलेले, बाबांची बॅग वरच्या मजल्यावर स्वतः नेऊन ठेवलेली, आणि एका दिवशी औषधाची पिशवी आधीच्या हॉटेलात राहिली तर न सांगता परत जाऊन आणली, टीप द्यायला गेले तर घेईनात.

कंपनीने नंतर फीडबॅक फॉर्म पाठवला. मी चिकणमातीबद्दल आणि हेल्पलाइनबद्दल लिहिलं, त्यांचं उत्तर आलं की त्या भागातला मार्ग बदलतोय. बाबांनी वेगळा भरला, माझ्याकडून इंग्रजीत टाइप करून घेतला, त्यात बोगद्यांतून पाण्याचा निचरा कसा करावा यावर पाऊण पान आहे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही, ते रोज विचारतायत.